कोण कोणाला भ्यायचा

प्रमोद,

तुला जाऊन पाच आठवडे झाले. आजही शनिवारच आहे, आणि त्या शनिवारी सकाळी तू मला फोन केला होतास हे अजून कुणालाही ठाऊक नाही. मीनलवहिनींना नाही, तुझ्या ईराला नाही, माझ्या बायकोला, अनघालाही नाही. ठाऊक असलेले आपण दोघंच होतो, त्यातला तू गेलास. तेव्हा बोलायचं तर तुझ्याशीच.

सरळच सांगतो, मी घाबरलोय. चाळिशी ओलांडलेला, रोज वॉर्डात पंचवीस-तीस माणसं तपासणारा मेडिसिनचा डॉक्टर मी, आणि फोनवर वहिनींचं नाव दिसलं की मी तो उपडा ठेवतो. त्या जेवायला बोलावतात, मी ड्यूटीची थाप मारतो. तरी दोन-तीन दिवसांनी जावंच लागतं. गेलो की दारातच आधी त्यांचा चेहरा बघतो, काही कळलंय का ते. कळलेलं नसतं. त्या म्हणतात, ये रे, चहा टाकते, आणि चहा उकळेपर्यंत तोच प्रश्न विचारतात. तो असा अचानक रॅथमलनला का गेला? छपराच्या पन्हळी अर्ध्या साफ करून ठेवल्या होत्या, उरलेल्या त्या दिवशी करणार होता. मग पंचवीस मिनिटं गाडी हाकत एकटाच त्या समुद्रकिनाऱ्यावर कशाला गेला?

तू का गेलास ते मला ठाऊक आहे. मीच म्हणालो होतो, चाल जरा.

आदल्या संध्याकाळी आमच्याकडे मिसळ होती. तर्री तू दोनदा मागून घेतलीस आणि अनघाने स्लायगोहून येताना आणलेला पाव एकट्याने संपवलास. सकाळी साडेदहाला फोन आला तेव्हा मी राउंडवर होतो, खिशातला ब्लीप, म्हणजे पेजर, वाजत होता, नर्स सहीसाठी कागद धरून उभी होती. तू म्हणालास, तुझी मिसळ छातीत बसलीय आणि तिथून बोलतेय. मी विचारलं, घाम? नाही. धाप? नाही रे. झालं माझं निदान. ॲसिडिटी आहे, डब्यातली गोळी घे, पडून राहू नकोस, चाल जरा. दोन मिनिटंही लागली नाहीत. तुझं वय बावन्न, तुझे वडील पंचावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले, हे मला पाठ होतं. आणि अशा माणसाने छातीत जळजळ सांगितली तर काय करायचं, हे मी दर महिन्याला नव्या डॉक्टरांना शिकवतो. परक्या माणसाला मी मेलो तरी असं उत्तर दिलं नसतं. तू घरचा होतास.

हीच तर आपल्या लोकांची रीत. आयर्लंडमध्ये, या लेटरकेनीत, अकरा वर्षं काढलीस, पण एकदाही इथल्या जीपीची, म्हणजे फॅमिली डॉक्टरची, पायरी चढला नाहीस. मीही नाही. डॉक्टरने डॉक्टरकडे जायचं म्हणजे कसंतरीच वाटतं आपल्याला. त्यापेक्षा एकमेकांना फोन टाकायचा, वॉर्डातून, गाडीतून, भाजी चिरताना. आणि औषधं? तुमच्या स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये (इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आता आपणही म्हणतो) बिस्किटांचा निळा डबा आहे. भारतातून येणारा प्रत्येक जण त्यात पट्ट्या टाकतो. वहिनी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासतात, त्यांना तो डबा बघवत नसे. दोनदा तो त्यांनी कचऱ्यात टाकला आणि दोनदा तू काढून आणलास. त्या दिवशी तू हॉस्पिटलात आला असतास तर तुझ्या रक्ताची नळी त्यांच्याच मशीनवर गेली असती. हा विचार मला दिवसातून दहा वेळा येतो.

साडेबाराला मला खाली इमर्जन्सीत बोलावलं. किनाऱ्यावर कोसळलेला माणूस आणलाय, कुत्रं फिरवणाऱ्या एका बाईंना सापडला, एवढंच कळलं होतं. पडदा सरकवला तेव्हा तुझ्याभोवती सहा माणसं होती, चेहरा दिसत नव्हता. मला आधी बूट दिसले. त्यात वाळू होती. ते बूट आपण दोघांनी मिळून घेतले होते.

नंतर एक गार्डा आला, म्हणजे इथला पोलीस. तरुण होता, टोपी हातात घेऊन बसला. असा मृत्यू झाला की चौकशी करावीच लागते, असं म्हणून दहा वेळा माफी मागितली आणि वहिनींना विचारलं, त्यांनी काही तक्रार केली होती का, छातीत दुखतं वगैरे. वहिनी म्हणाल्या, नाही, माझ्याकडे तरी नाही. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होतो. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. मी जमिनीकडे बघत बसलो आणि तो क्षण गेला. त्याच क्षणी बोललो असतो तर ती नुसती चूक राहिली असती. आता त्यात पाच आठवडे मिसळलेत.

मग तुझा फोन. हॉस्पिटलने पिशवीत घालून दिला, घड्याळ आणि किल्ल्यांसकट. तो आता जेवणाच्या टेबलावर चार्जरला लावलेला असतो. तो उघडायचा आकडा कुणालाच ठाऊक नाही. ईरा रोज शाळेतून आली की एक-दोन आकडे घालून बघते. तिला तुझे फोटो हवेत. तिची खात्री आहे की तो आकडा तुझ्या राजांपैकीच कुणाचा तरी आहे. "इट्स वन ऑफ हिज किंग्ज, मॅम, आय नो इट इज," असं ती आईला म्हणते, आणि भिंतीवरच्या तक्त्यात साल शोधते. १६०५ घालून झालं, जहांगीर गादीवर आला ते. १६०७, १६१०, १६१६ झालं. चुकलं की फोन थोडा वेळ बंद पडतो आणि मला श्वास घेता येतो. तो उघडला की शेवटच्या कॉलच्या यादीत पहिली ओळ माझ्या नावाची असेल. तुझ्या पोरीला बापाचे फोटो मिळू नयेत असं मनात धरून मी तुमच्या टेबलावर चहा पितो. असा झालोय मी.

तो तक्ता तुला आठवतो तसाच आहे. वॉलपेपरच्या गुंडाळीची मागची बाजू, जेवणाच्या खोलीची सबंध भिंत भरून. एका वेळी पृथ्वीवर कोण कोण राजे होते, हे तुला एका नजरेत बघायचं होतं. साधारण १६०० ते १६२०. सूर्य उगवतो त्या क्रमाने लावले होतेस तू ते. सगळ्यात वर जपानचा म्हातारा इएयासू, मग मंत्र्यांना वर्षानुवर्षं तोंड न दाखवणारा चीनचा बादशहा, मग जहांगीर, विजापूरचा इब्राहिम आदिलशहा, निजामशहा आणि त्याला पुढे करून राज्य चालवणारा मलिक अंबर, इराणचा शहा अब्बास, इस्तंबूलचा अहमद, आणि असं खाली खाली येत लंडनचा जेम्स. सगळ्यांना तू "युअर मॅन" म्हणायचास. इथे डोनेगॉलमध्ये कुठल्याही गड्याला लोक तसंच म्हणतात. युअर मॅन जहांगीर, युअर मॅन अब्बास. तुझ्या ऑपरेशन थिएटरमधल्या नर्सना वाटायचं की हे सगळे तुझे काके-मामे आहेत.

मलिक अंबर तर तुला खरोखरच काका होता. त्याने वसवलेल्या खडकीत तू वाढलास, त्याने खोदलेल्या नहरीच्या कडेने शाळेत गेलास. गाव विचारलं की "खडकी" सांगायचास आणि पुण्याचा माणूस लगेच पुढे सरसावून विचारायचा, खडकीत कुठे? मग तू खडकी हे औरंगाबादचं जुनं नाव, इथपासून सुरू करून चारशे वर्षांचा इतिहास सांगायचास आणि तो बिचारा अर्ध्या तासाने सुटायचा.

पण तुझा जीव होता तो तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात. त्यावर तू लाल अक्षरांत लिहिलं होतंस, "कोण कोणाला भ्यायचा". मला तो रकाना पहिल्यांदा दाखवलास तेव्हा मी हसलो होतो. राजे भितात, यात काय नवल? तू म्हणालास, थांब, वाच. जहांगीर, मुलाला. मुलगा बंड करून उठला, तर त्याच्या माणसांना सुळावर चढवून त्यांच्या रांगेतून मुलाला हत्तीवरून फिरवलं, पुढे त्याचे डोळे घालवले. अब्बास, मुलांना. थोरल्याला मारवलं, दोघांना आंधळं केलं, आणि म्हातारपणी मागे बघतो तर गादीवर बसवायला मुलगाच उरला नाही. अहमद, भावाला. तेराव्या वर्षी गादीवर आला, भावाला मारायची रीत मोडली, पण जन्मभर कोंडून ठेवलं. प्रागचा रुडॉल्फ, भावाला. त्या भावाने एकेक करून त्याचे मुकुट काढून घेतले. रशियाचा सोळा वर्षांचा मिखाईल, मुकुटालाच. तो आणायला माणसं आली तेव्हा आईने रडून नको म्हटलं. आणि जेम्स, उघड्या सुरीला. अंगात जाड भरलेले कपडे घालायचा म्हणतात.

भूल देणाऱ्याशिवाय हा रकाना कुणाला सुचला नसता. तू रोज टेबलावर आडवी झालेली माणसं बघायचास, मास्क लावण्याआधीच्या अर्ध्या मिनिटातली. तू सांगायचास की तेव्हा माणूस ऑपरेशनबद्दल क्वचित बोलतो. घरच्या कुणाबद्दल तरी बोलतो.

आपला वाद त्यावरूनच. माझं म्हणणं, राजे भ्यायचे कारण त्यांच्याकडे गमावण्यासारखं फार होतं. तुझ्या-माझ्यासारख्याला तशी भीती कशाला असेल? आणि दुसरं, जहांगीर मुलापेक्षा अंबरला जास्त टरकून असणार. नाहीतर शत्रू तिकडे धडधडीत जिवंत असताना, त्याच्या तोडलेल्या मुंडक्यावर आपण बाण मारतोय असं चित्र कुठला बादशहा काढून घेईल? तू मान हलवायचास. म्हणायचास, "अंबरचा त्याला राग होता. भीती वेगळी. परक्याला माणूस इतका भीत नाही रे. ज्याच्या ताटाला ताट लावून जेवतो, त्याला भितो."

मी हे कधी कबूल केलं नाही. आता करतो. वहिनींच्या हातचं मी अकरा वर्षं जेवलोय. अनघा स्लायगोच्या हॉस्पिटलात आणि मी इथे, दोन घरांची ती ओढाताण चालू असताना माझ्या जेवणाची काळजी वहिनींनी केली. आज मला मेडिकल कौन्सिलची भीती वाटते, गार्डाची वाटते, पण रात्री उठून बसतो तो त्या बाईंच्या नजरेच्या विचाराने.

आणि टिरोनचा तो अर्ल, म्हणजे सरदार, ह्यू ओनील. तो राजा नव्हता, म्हणून तक्त्याच्या तळाशी पेन्सिलीने. लंडनहून जेम्सचं बोलावणं आलं आणि हा रॅथमलनला येऊन बायकामाणसांसकट जहाजात बसला, आयर्लंड सोडून गेला तो परत आलाच नाही. घाई एवढी की धाकटा मुलगा वेळेत सापडला नाही, तर त्याला मागे ठेवून निघाले. त्या धक्क्यावर उभं राहून आपण किती वेळा भांडलो. मी म्हणायचो, पळपुटा. ताठ मानेने राजासमोर जायचं होतं, काय व्हायचं ते झालं असतं. तू त्याची बाजू घ्यायचास. म्हणायचास, तू कधी तसा घाबरलेला नाहीस, तोवर बोलू नकोस.

तर आता ऐक. तू गेल्यावर दहाव्या दिवशी मी स्लायगोच्या जागेसाठी अर्ज केला. मुलाखत झाली. गुरुवारी पत्र आलं, जागा मिळाली. अनघा आनंदाने रडली. सगळे म्हणाले, छान झालं, आता दोघं एका घरात. इतकं चांगलं कारण हाताशी असताना खरं कारण कोण विचारतो? सोमवारपर्यंत होकार कळवायचा आहे. पळपुटा म्हणजे कसा असतो, ते आता मला आतून ठाऊक झालंय.

आज दुपारी वहिनींनी बोलावलंय. आवाज वेगळा होता. "तुझ्याशी काही बोलायचंय," म्हणाल्या, "ईरा फुटबॉलला गेली की ये." मला वाटतं फोन उघडला. अक्षर बघ माझं.

रविवार.

काल इथवर लिहिलं आणि गेलो. फोन उघडला नव्हता.

वहिनी तक्त्यासमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या. चहा टाकला नव्हता. बस म्हणाल्या आणि माझ्याकडे न बघता सांगायला लागल्या. त्या शनिवारी सकाळी तुमचं भांडण झालं होतं. मला याची कल्पनाच नव्हती. पार दक्षिणेकडच्या रिंगास्किडीहून त्यांची बहीण कुटुंबासह येणार होती, वहिनींना ती भिंत रंगवून हवी होती, तू तक्ता काढायला तयार नव्हतास. त्यांनी विचारलं, यातला एक तरी राजा घरात काडीची मदत करतो का? तू हसलास, त्यांचा पारा चढला. आणि त्या म्हणाल्या, "जा मग त्यांच्याकडेच राहायला."

त्या वर केस धुवायला गेल्या. खाली आल्या तेव्हा तू नव्हतास, गाडीही नव्हती.

"तो चिडून गेला, निखिल," वहिनी म्हणाल्या. "त्या त्याच्या अर्लच्या धक्क्यावर जाऊन बसायचं म्हणून गेला. असा रागात गेला, आणि तिथे... हे मी कुणाला बोलले नाही. गार्डाने विचारलं तेव्हासुद्धा नाही. ईराला कळलं तर ती माझं तोंड बघेल का?"

पाच आठवडे चहा उकळताना त्या विचारायच्या, तो का गेला असेल. मला वाटायचं मला पकडायला विचारतात. त्या मला विचारत होत्या, "तुझ्याकडे दुसरं काही कारण आहे का रे?" आणि माझ्याकडे होतं.

दाराकडे पाहिलं, खोटं कशाला बोलू. गाडीची किल्ली हातातच होती. वहिनी डोळे पुसत होत्या, "सॉरी, तुला उगीच," असं काहीतरी म्हणत होत्या. ते "सॉरी" ऐकवेना मला.

मी सांगितलं. साडेदहाला त्याचा फोन आला होता मला. छातीत जळजळतंय म्हणाला. मी मिसळीवर ढकललं, गोळी घे म्हणालो, आणि चाल जरा म्हणालो. म्हणून तो गेला. मी पाठवला.

वहिनी ओरडल्या नाहीत. मी खालीच बघत होतो. मग त्यांनी विचारलं ते भलतंच.

"चिडलेला वाटला?"

नाही, मी म्हणालो. हसत होता. माझ्या मिसळीची टिंगल करत होता. तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात आदिलशहापुढची जागा एवढे महिने रिकामी होती ना, ती भरता येईल असं म्हणाला. गाण्यात रमलेल्या त्या माणसाची भीती सापडली, संध्याकाळी येऊन सांगतो, म्हणाला. तुम्ही भांडलात हे त्याच्या आवाजात कुठेच नव्हतं.

वहिनींनी तोंडावर पदर धरावा तशी ओढणी धरली. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, झालं, आता सुटल्या त्या. मनातून मी स्वतःची पाठही थोपटली असेल, देव जाणे. मग त्यांनी ओढणी खाली घेतली.

"तू तुझ्यासाठी घाबरलास," त्या म्हणाल्या. "आणि पाच आठवडे मी रोज सकाळी उठून समजत होते की मी मारला त्याला. तू इथे बसून चहा पीत होतास."

मी हो म्हणालो. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने थांबवलं.

"ते नंतर. आधी नीट सांग. पहिल्यापासून. एक शब्द गाळायचा नाही."

प्रमोद, मी एक गोष्ट गाळली होती. वहिनींना सांगताना गाळली, आणि काल सकाळी हे तुला लिहितानाही, तू स्वतःच ती बोललेला असूनही, गाळली. घाम नाही, धाप नाही, एवढं झाल्यावर मी विचारलं होतं, हातात वगैरे काही दुखतं का? तू म्हणालास, हात ठीक आहे, डावा खांदा जरा धरलाय, पन्हळी साफ करताना शिडीवर अवघडला. आणि मी म्हणालो, हां, तेच. पुढच्या वाक्याला गेलो. त्या एका वाक्यावर थांबलो असतो तर आज मला हे लिहावंच लागलं नसतं. पाच आठवडे मी चाल जरा, चाल जरा असं घोकत होतो, कारण ते सोपं होतं. खरा घाबरलो होतो मी त्या खांद्याला.

वहिनी लॅबमध्ये काम करतात. खांदा म्हटल्यावर त्यांना समजावून सांगावं लागणार नव्हतं.

तरी सांगितलं. पहिल्यापासून सांगितलं. बिझी आहेस का रे, असं तू विचारलंस तिथून. मिसळ, घाम, धाप, आणि मग खांदा. डावा, म्हणालो. त्यांच्याकडे बघून म्हणालो, तेवढं तरी केलं.

त्या माझ्यावर तुटून पडतील म्हणून मी थांबलो. त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. आपल्या उजव्या हाताकडे बघत होत्या.

"खांदा गुरुवारपासून दुखत होता त्याचा," वहिनी म्हणाल्या. "पन्हळी साफ केल्या शुक्रवारी. मी बाम चोळून दिला रे. दोन्ही दिवस. मीच."

डॉक्टर म्हणून बोलायला गेलो, की स्नायूचंच असेल, तसं सांगता येत नाही, गुरुवारच्या खांद्यावरून कुणीच सांगू शकत नाही. हे खरंही आहे. पण मी दोन मिनिटांपूर्वी त्याच खांद्यासाठी स्वतःला फासावर लटकवत होतो, ते त्यांनी ऐकलं होतं. मी त्यांचा एक अपराध काढून घ्यायला गेलो आणि दुसरा त्यांच्या हातात ठेवून बसलो. तो त्यांना मी दिला नसता तर त्यांना कधी कळलाच नसता.

बाहेर वारा सुटला होता, उरलेल्या पन्हळीतली पानं खिडकीवर येत होती. वहिनी हात उलटा-सुलटा करून बघत होत्या, बामाचा वास अजून येतोय का असं बघावं तसा. मी हाक मारली, त्यांनी ऐकलं नाही. आणि तेव्हा मला कळलं की गेले पाच आठवडे मी पोटात बाळगलेली त्यांची भीती, त्यांच्या नजरेची, त्यांच्या शब्दांची, आता नाहीये. मला वहिनींची भीती वाटत नव्हती. वहिनींसाठी वाटत होती.

स्लायगोला नाही म्हणून कळवतो. अनघाला सगळं सांगावं लागेल, ते आज सांगेन.

काल मात्र मी किल्ली टेबलावर ठेवली, वहिनींचा तो उजवा हात माझ्या हातात धरला आणि ईरा घरी येईपर्यंत तसाच बसून राहिलो.